१:४८ प्रमाणात लायसँडर: टेहळणी विमानाचे काम काचेपासून मागे आखावे

आपण विचारले आहे की, काही सोपी किटे बांधून हात बसल्यावर आता भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनचे वेस्टलँड लायसँडर हे टेहळणी विमान १:४८ प्रमाणात बांधायचे आहे. ते १९४२ च्या ब्रह्मदेश मोहिमेतले दिसावे, काम मुंबईच्या दमट हवेत घरच्या टेबलावर व्हावे, तर क्रम कसा ठेवावा आणि जास्त काळजी कुठे घ्यावी. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, या विमानाचे सगळे काम काचेपासून मागे आखत यावे. लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीत कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, हा शेवटी बसवण्याचा एक लहान भाग असतो. लायसँडरमध्ये मात्र काच हाच विमानाचा गाभा आहे, पंखही तिच्याच शेजारी जोडलेले आहेत आणि आतले बहुतेक सगळे बाहेरून दिसते. त्यामुळे काच कधी बंद होणार, हे आधी ठरवल्याशिवाय आतला एकही भाग चिकटवू नये.

हे असे का, हे विमानाच्या जन्मकथेतून समजते. भूदलाच्या बरोबरीने उडून शत्रूच्या हालचाली पाहणे, तोफखान्याला लक्ष्य दाखवणे, छायाचित्रे घेणे आणि निरोप पोहोचवणे, ही कामे करणारे विमान हवे होते. वेस्टलँडच्या तरुण डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी आर्थर डेव्हनपोर्ट यांच्यासह आराखडा करताना अशा कामावरच्या वैमानिकांना तुम्हाला नेमके काय हवे, असे विचारले. खाली नीट दिसावे, विमान अगदी सावकाश उडावे आणि छोट्या मैदानावर उतरावे, ही उत्तरांची गोळाबेरीज होती. म्हणून पंख डोक्यावर गेला, मुळाशी तो अरुंद आणि पातळ झाला, वैमानिक उंच बसला आणि त्याच्याभोवती काचघर आले. १५ जून १९३६ रोजी हे विमान पहिल्यांदा उडाले. याच पेटर यांनी पुढे कॅनबेरा आखले आणि त्याची छायाचित्रण आवृत्ती आपल्या १०६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने २००७ पर्यंत वापरली. भारतीय हवाई टेहळणीच्या इतिहासाची दोन टोके एकाच आराखडाकाराच्या हातून आली, हे लायसँडर बांधणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुंबईकर म्हणून आपला या विमानाशी आणखी एक संबंध आहे. पहिल्या स्क्वॉड्रनने ऑगस्ट १९४१ मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे जुनी वापिटी विमाने सोडून लायसँडरचे प्रशिक्षण सुरू केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेशावर येथे बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडाने या स्क्वॉड्रनला १२ लायसँडर भेट दिली. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात टाउंगू येथे पोहोचले. तिथे करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली या टेहळणीच्या विमानांना २५० पौंडी बॉम्ब लावून थायलंडमधील मे हाँग सॉनच्या विमानतळावर हल्ले झाले. त्यानंतर माघार घेणाऱ्या सैन्यासाठी टेहळणीचे मूळ कामही चालू राहिले. आपली प्रतिकृती या काही आठवड्यांतली आहे. हा काळ एकदा पक्का केला की रंग, खुणा आणि जोडसाहित्य यांविषयीच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात.

आता किटकडे वळू. १:७२ मध्ये एअरफिक्सचे जुने किट सहज मिळते आणि १:३२ मध्ये मॅचबॉक्सचा साचा पुढे रेव्हेलच्या खोक्यातून आला. आपण निवडलेल्या १:४८ मध्ये चेक प्रजासत्ताकातील गाविया कंपनीचे किट आहे, तेच एडुआर्डच्या खोक्यातही मिळाले आहे. १:४८ ची निवड योग्य आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार १५.२४ मीटर आणि लांबी ९.३० मीटर, म्हणजे प्रतिकृती सुमारे ३१७ मिमी रुंद आणि १९४ मिमी लांब होते. या आकारात काचेतून आत पाहणाऱ्याला नळ्यांचा सांगाडा, आसन आणि यंत्रे स्पष्ट दिसतात, तरी कपाटात जागा मिळते. मर्यादित उत्पादनाच्या साच्यांत भाग जागेवर बसवणाऱ्या खुंट्या कमी असतात आणि सांधे जरा सैल असतात. प्रत्येक भाग गोंदाशिवाय बसवून पाहणे इथे अपरिहार्य आहे.

किट घेताना सर्वांत आधी खोक्यावर कोणता मार्क, म्हणजे विमानाची कोणती आवृत्ती, लिहिली आहे ते पाहावे. बाजारातली बरीच लायसँडर किटे मार्क ३ ची असतात, तर आपल्या स्क्वॉड्रनची विमाने मार्क २ होती. मार्क १ आणि मार्क ३ मध्ये ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन होते आणि मार्क २ मध्ये ब्रिस्टल पर्सियस. दोन्ही नऊ सिलिंडरांची आणि हवेने थंड होणारी असली, तरी पर्सियसमध्ये नेहमीच्या झडपांऐवजी सिलिंडरच्या आत, दट्ट्याभोवती सरकणारी बाही असते. त्यामुळे तिथे झडपा हलवणाऱ्या दांड्या नाहीत आणि झडप दाबणाऱ्या तरफांच्या, म्हणजे रॉकरच्या, पेट्याही नाहीत. बाहेरून पाहता मर्क्युरीच्या काउलिंगवर (इंजिनाच्या आवरणावर) रॉकरसाठी लहान फुगवटे दिसतात, पर्सियसचे काउलिंग गुळगुळीत असते. मार्क ३ च्या किटमधून मार्क २ करायचे असेल तर ते फुगवटे घासून काढणे आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडावरच्या दांड्या कापून टाकणे, एवढी किमान दुरुस्ती करावी. काउलिंगचा व्यास आणि लांबी मोजमापाच्या रेखाचित्रावर ताडून पाहावी. काउलिंगची पुढची कडा म्हणजे प्रत्यक्षात धूर गोळा करणारे कडे आहे. तिला विमानाचा रंग देऊ नये, तापून तांबूस-करडी झालेली धातूची छटा द्यावी. मागच्या बंदुकीकडेही लक्ष द्यावे. जोडबंदुका पुढच्या आवृत्तीच्या आहेत, मार्क २ ला एकच पुरेशी.

किटमध्ये पोटाखालची मोठी इंधनटाकी आणि डाव्या अंगाची शिडी आली असेल, तर ती बाजूला ठेवावी. फ्रान्समध्ये रात्री हेर उतरवणाऱ्या काळ्या लायसँडरची ती सामग्री आहे आणि देखणी असल्यामुळे ती लावण्याचा मोह अनेकांना होतो. ब्रह्मदेशातल्या विमानाला तिचे काही काम नाही. उलट पोटाखाली निरोपाची पिशवी उचलण्याचा आकडा, चाकांच्या आवरणांना जोडलेले आखूड उपपंख आणि त्यांखालचे बॉम्ब ही आपल्या विमानाची ओळख आहे. उपपंख काढता-लावता येत असत, म्हणून निवडलेल्या छायाचित्रात ते आहेत की नाहीत, हे पाहूनच ठरवावे.

छायाचित्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते चांगली प्रतिकृती आणि नुसती सुबक प्रतिकृती यांतला फरक इथेच पडतो. लायसँडर या प्रकाराची प्रतिकृती करू नये. एखादे विशिष्ट विमान, विशिष्ट महिन्यात, छायाचित्रात जसे दिसते तसे बांधावे. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रातून रंग वाचताना फिल्मचा प्रकार लक्षात घ्यावा लागतो. त्या काळी प्रचलित असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या प्रकाशाला आंधळी असते. तिच्यावर तांबडा रंग जवळजवळ काळा येतो, पिवळा गडद दिसतो आणि निळा अनपेक्षितपणे फिका पडतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा उजळ राहतो. विमानाच्या अंगावरच्या वर्तुळखुणेला बाहेरून पिवळे कडे असेल, तर तेच आपले मोजमाप. ते कडे काळपट दिसत असेल, तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक समजावी आणि त्याच छायाचित्रातले इतर रंग त्या हिशोबाने वाचावेत. पोटाचा रंग फिका की गडद, हेही वर्तुळातल्या पांढऱ्या पट्ट्याशी तुलना करून ठरवावे. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात लायसँडर प्रत्यक्ष पाहता येते आणि संधी मिळाल्यास ते जरूर पाहावे. ते विमान मात्र ब्रह्मदेशातून आलेले नाही. कॅनडाला एक लिबरेटर बॉम्बफेकी विमान देऊन त्याच्या बदल्यात ते मिळवलेले आहे. पंखाची जाडी, पायांचा कोन, काचघराची उंची आणि कापडाचा ताण यांसाठी ते उत्तम शिक्षक आहे, पण बारीकसारीक जोडणी आणि रंग यांसाठी १९४२ चा पुरावा म्हणून ते वापरू नये.

आता बांधणी. पहिल्या बैठकीत सगळी पारदर्शक फ्रेम बाजूला काढून मऊ कापडात गुंडाळून ठेवावी आणि बाकीच्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब घालून धुवाव्यात. त्यानंतर काचेचे भाग बारीक दात्यांच्या करवतीने फ्रेमपासून सोडवावेत. निपरने कापले तर दाबामुळे काचेत पांढरी चीर धावते आणि ती कायमची राहते. कापलेली जागा ६००, १००० आणि २००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरवर पाण्याने घासून पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणावी. शेवटी काच स्वच्छ, चकचकीत अॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून उभी ठेवावी, तिचा खालचा थेंब टिपकागदाने टिपावा आणि वर वाटी झाकून एक पूर्ण दिवस वाळू द्यावी. बारीक ओरखडे त्यात भरून निघतात आणि पुढे गोंदाच्या वाफेपासूनही थोडे संरक्षण मिळते.

काच तयार झाल्यावर ती कोरडीच धडावर बसवून पाहावी आणि बाहेरून सगळ्या बाजूंनी आत डोकवावे. काय दिसते आणि काय दिसत नाही, याची यादी तिथल्या तिथे कागदावर करावी. वैमानिकाचे आसन, त्याच्यामागची मोठी इंधनटाकी, दोन्ही अंगांचा नळ्यांचा सांगाडा आणि मागे निरीक्षकाची जागा, त्याची बंदूक व गोळ्यांच्या थाळ्या ठळक दिसतात. मजल्याजवळचा कॅमेरा कमी दिसतो, तरी तो करावाच असे मी म्हणेन, कारण हे विमान त्यासाठीच होते. एफ-२४ हा त्या काळचा ब्रिटिश हवाई कॅमेरा ५ इंच चौरस आकाराची छायाचित्रे घेत असे. १:४८ मध्ये प्लॅस्टिकच्या पट्टीचा लहान ठोकळा, वर फिल्मच्या पेटीचा दुसरा ठोकळा आणि खाली भिंगाच्या नळीसाठी स्प्रूचा, म्हणजे किटच्या फ्रेमच्या काडीचा, गोल तुकडा एवढ्यावर तो ओळखू येतो. नळ्यांच्या सांगाड्यासाठी किटमधले जाड भाग कापून ०.५ मिमीची पितळी तार किंवा मेणबत्तीवर ताणलेला स्प्रू वापरावा. आतल्या भागाला ब्रिटिश करडा-हिरवा रंग, त्यावर पातळ काळपट तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग) आणि कडांवर किंचित उजळ छटा एवढे पुरे. काचेमागे प्रकाश कमी पोहोचतो, म्हणून आतला रंग डब्यातल्या रंगापेक्षा थोडा फिका ठेवावा, नाहीतर इतक्या कष्टाचे काम अंधारात जाते.

धडाचे दोन भाग जोडण्याआधी पंख कसे पेलले जाणार, हे ठरवावे लागते, आणि या विमानाची खरी कसोटी हीच आहे. पंखांची मुळे काचघराच्या माथ्याशी येऊन मिळतात. प्लॅस्टिकचा गोंद काचेला लागला तर ती पांढरी पडते. फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदाची वाफ काचेवर धुक्यासारखी बसते. फेव्हिकॉल काचेसाठी सुरक्षित आहे, पण पंखाचे वजन आणि हाताळणी तो एकटा सोसत नाही. म्हणून एका पंखातून दुसऱ्या पंखात जाणारी १ मिमीची पितळी सळई माथ्यावरून आडवी न्यावी. खऱ्या विमानातही काचघराच्या माथ्यावर पंखांचा भार वाहणाऱ्या नळ्या होत्या, त्यामुळे ही सळई परकी दिसत नाही. सळई पंखाच्या मुळात निदान १५ मिमी आत जावी आणि तिथे अॅराल्डाइटने पक्की करावी. या गोंदाची वाफ काचेला बाधत नाही आणि तो घट्ट होईपर्यंत कोन सुधारायला वेळ मिळतो.

पंख बसवण्याआधी जाड पुठ्ठ्याचा साचा कापून घ्यावा. समोरून पाहिलेले रेखाचित्र १:४८ मध्ये छापून पुठ्ठ्यावर चिकटवावे आणि पंखाच्या खालच्या कडेनुसार खाच कापावी, म्हणजे विमान त्यात ठेवल्यावर दोन्ही टोके सारख्या उंचीवर राहतात. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आधारकाठ्या पंख पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. त्यांची लांबी किटवर विसंबून न राहता प्रत्यक्ष अंतर मोजून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने कमी-जास्त करावी. काठीने पंखाला ओढून जागेवर आणण्याचा प्रयत्न केला तर काही आठवड्यांनी काचेचा सांधा सुटतो. ताण शेवटी सर्वांत कमजोर जोडावर येतो आणि इथे तो जोड काचेचा आहे.

चाकांचे पाय खऱ्या विमानात एकाच सलग वाकवलेल्या धातूच्या कमानीचे होते. किटमध्ये ते दोन वेगळे भाग असतात. तरी जोडताना ते एक कमान समजून दोन्ही एकाच वेळी, सपाट काचेवर ठेवून जुळवावेत आणि वरून पाहता दोन्ही आवरणे धडाच्या रेषेला समांतर आहेत ना, हे तपासावे. प्रत्येक आवरणात पुढे दिवा आणि एक ब्राउनिंग बंदूक असे. दिव्याच्या काचेमागे चांदीचा रंग देऊन वर पारदर्शक वार्निशचा थेंब ठेवला की काम होते. विमान शेपटीच्या चाकावर बसणारे असल्यामुळे नाकात वजन भरण्याची गरज नाही.

पंखाच्या पुढच्या कडेवरच्या स्वयंचलित पट्ट्या, म्हणजे स्लॅट, उघड्या दाखवायच्या असतील तर एक नियम पाळावा. आतल्या बाजूच्या स्लॅट मागच्या फ्लॅपशी, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्यांशी, जोडलेल्या होत्या. त्या उघड्या आणि फ्लॅप बंद, अशी स्थिती या विमानात येत नाही. सुंदर रंगकाम केलेल्या प्रतिकृतींतही ही विसंगती दिसते आणि जाणकाराची नजर थेट तिथे जाते. दोन्ही बंद ठेवणे हा पहिल्या प्रयत्नासाठी सोपा आणि निर्दोष मार्ग आहे.

कापडाच्या पृष्ठभागाबद्दल माझे मत ठाम आहे. धडाचा मागचा भाग आणि पंखाचा बराचसा भाग कापडाने मढवलेला होता, म्हणून अनेक किटे फासळ्यांमध्ये कापड चांगलेच खोलगट दाखवतात. साधा हिशोब करावा. प्रतिकृतीवरचा अर्ध्या मिलिमीटरचा खोलगटपणा म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिमीचा खड्डा. ताणून, डोप (कापड आवळणारे वार्निश) लावून घट्ट केलेले कापड असे लोंबत नाही. फासळीवरची सुमारे दोन इंच रुंद पट्टी १:४८ मध्ये जेमतेम १ मिमीची होते आणि तिची जाडी तर रंगाच्या थरापेक्षाही कमी भरते. त्यामुळे उंचवटे ८०० क्रमांकाच्या पेपरने हलके उतरवावेत, फासळ्यांच्या जागी प्रायमरचा एक जादा फवारा मास्किंग टेपच्या दोन पट्ट्यांमधून मारावा आणि बाकीचा परिणाम छटांवर सोपवावा. धडाच्या लांब पट्ट्यांच्या कडा मात्र टोकदार राहू द्याव्यात. तिथे कापडाखाली खरोखरच लाकडी पट्ट्या होत्या आणि बाजूने प्रकाश पडला की त्या स्पष्ट दिसत.

काच बंद करण्याच्या दिवशी दुसरे कोणतेही काम काढू नये. आतला धूळकण एकदा बंद झाला की बाहेर निघत नाही. प्लॅस्टिकवर स्थिर वीज साचते, कोरड्या ब्रशने ती वाढते आणि धूळ आणखी चिकटते. किंचित ओलसर ब्रशने आतून टिपून लगेच बंद करावे. सांध्यातली फट फेव्हिकॉलने भरून ओल्या कापसाच्या काडीने पुसावी. त्यानंतर प्रत्येक खिडकी स्वतंत्रपणे टेपने झाकावी. तयार कापलेले मास्क मिळाले तर जरूर घ्यावेत, या विमानात खिडक्या इतक्या आहेत की तो खर्च सार्थकी लागतो. चौकटींवर आधी आतला करडा-हिरवा रंग मारावा आणि तो वाळल्यावर बाहेरचा, म्हणजे आतून पाहताना चौकट योग्य रंगाची दिसते. टेपची कडा लाकडी दातकोरणीने दाबून बसवावी. नखाने दाबल्यास टेप ताणली जाते आणि तासाभरात कोपऱ्यात मागे सरकते.

वरच्या बाजूचे रंग डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन आहेत. ब्रिटिश मानकात ते अनुक्रमे ४५० आणि ६४१ या क्रमांकांना जवळचे आहेत. हम्ब्रोल कंपनीच्या रंगांत २९ आणि ३० घ्यावेत. तामियाच्या अॅक्रिलिकमध्ये हिरव्यासाठी एक्सएफ-८१ आणि तपकिरीसाठी एक्सएफ-५२ चालते, मात्र नंतरच्यात पिवळ्याचे काही थेंब घालावेत. नमुन्याची मांडणी रेखाचित्रावरून घ्यावी. तीच मांडणी आरशातल्यासारखी उलटीही वापरली जाई, म्हणून इथेही छायाचित्र पाहावे. दोन रंगांमधली कडा किती मऊ ठेवायची, याचाही हिशोब करता येतो. खऱ्या विमानावर एक इंच फवारा पसरला तर तो इथे अर्धा मिलिमीटर होतो. एवढी बारीक कडा मोकळ्या हाताने साधणे कठीण आहे, म्हणून निळ्या चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करून त्यांवर टेप बसवावी आणि एअरब्रश पृष्ठभागाला लंब धरून १५ ते १८ पीएसआय दाबाने फवारावे. एअरब्रश नसेल तर रुंद, मऊ ब्रशने पातळ केलेल्या रंगाचे तीन-चार थर, प्रत्येक थर आधीच्याच्या आडव्या दिशेने, असे केले तरी चांगला निकाल मिळतो आणि कडा मात्र स्वच्छ, धारदार येते. या प्रमाणात तीही खटकत नाही.

मुंबईच्या हवेबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. जून ते सप्टेंबर या काळात लॅकर रंग किंवा लॅकर वार्निश फवारले की द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. द्रावकात रिटार्डर (सुकणे संथ करणारे द्रव) घालणे, पावसाची सर चालू असताना न फवारणे आणि शक्य असल्यास वातानुकूलित खोलीत हवा तासभर कोरडी करून काम करणे, हे तीन उपाय उपयोगी पडतात. पांढरी झाक आलीच तर पुसत बसू नये. कोरड्या दिवशी नुसत्या संथ द्रावकाचा अगदी पातळ फवारा दिल्यास ती बहुतेक वेळा निघते. इनॅमल रंगाला पावसाळ्यात दुप्पट वेळ द्यावा आणि सुकणारे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावेत. परदेशी द्रावक विमानाने मागवणे ज्वलनशीलतेमुळे अवघड असते. पाण्यात विरघळणाऱ्या अॅक्रिलिक रंगांवर काम बसवले आणि सफाईसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले, तर हा प्रश्न बराचसा उरत नाही.

खुणांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका तारखेचा आहे. भारतीय विमान म्हटले की अनेक जण तांबडा ठिपका नसलेली, निळी आणि फिकट निळी वर्तुळे लावतात. जपानी खुणेशी गल्लत होऊ नये म्हणून तांबडा रंग काढण्याचा तो निर्णय नंतरचा आहे. फेब्रुवारी १९४२ च्या लायसँडरवर तांबडा, पांढरा आणि निळा यांची ब्रिटिश वर्तुळे, अंगावर पिवळ्या कड्यासह असावीत. विमानाचा क्रमांक ८ इंच उंचीच्या काळ्या अक्षरांत असे, म्हणजे प्रतिकृतीवर सव्वाचार मिलिमीटर. सुट्या अक्षरांच्या डिकॅलमधून (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांमधून) क्रमांक जुळवताना आधी प्रत्येक अक्षर पारदर्शक पट्टीवर ओळीत लावून पाहावे. डिकॅलखाली चकचकीत वार्निश आणि वर मऊ करणारे द्रावण दिल्याशिवाय फासळ्यांवर ती बसत नाही आणि कडेने चांदीसारखी चमक दिसते. दमट हवेत डिकॅल वाळायला एक रात्र जाऊ द्यावी, मगच शेवटचे मॅट वार्निश मारावे.

जुनेपणा दाखवताना त्या विमानांचे आयुष्य आठवावे. भेट मिळून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा रंग पोपडे निघालेला असू शकत नाही. खरे असावे ते असे: कच्च्या धावपट्टीची तांबूस धूळ चाकांच्या आवरणांवर आणि शेपटीच्या पोटावर, धुराड्यामागे करडी-तपकिरी रेघ, काउलिंगखाली तेलाचे थोडे ओघळ, आणि निरीक्षक चढतो तिथे पायाने घासलेली जागा. कापडावर धातूसारखे चंदेरी ओरखडे कधीही काढू नयेत, कापडाखाली चंदेरी पत्रा नसतो. धुळीसाठी चित्रकलेचे कोरडे पेस्टल किसून मऊ ब्रशने लावावेत आणि त्यावर वार्निश मारू नये, कारण त्याने निम्मी धूळ अदृश्य होते.

शेवटचा क्रम असा ठेवावा. मॅट वार्निश वाळल्यावर मास्क काढावेत, कडेला रंग उचलला गेला असेल तर दातकोरणीने नीट करावा, मग प्रोपेलर, बंदुका, पोटाखालचा आकडा, बॉम्ब आणि सर्वांत शेवटी अँटेनाची तार. तारेसाठी ताणता येणारा बारीक लवचिक धागा घ्यावा, म्हणजे हात लागला तरी तो तुटत नाही. तयार प्रतिकृतीसाठी आतून निदान ३६ सेंटिमीटर रुंद, २४ सेंटिमीटर खोल आणि १४ सेंटिमीटर उंच अॅक्रिलिकची पेटी करून घ्यावी. तळाशी सिलिका जेलसाठी लपवलेला कप्पा असावा आणि पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये, कारण उन्हाने काचेवरचे वार्निश पिवळे पडते. पेटीचे माप बांधणी सुरू करतानाच सुताराला देऊन ठेवावे, म्हणजे मास्क काढल्यानंतर उघड्या काचेवर धूळ बसायला एक दिवसही मिळणार नाही.